सनद एकाची, वहिवाट दुसऱ्याची

इ. स. 1737 च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावाने निजामाला भोपाळच्या तटाआड कोंडून त्याची रसद तोडली आणि पुढच्या जानेवारीत, भोपाळच्या वायव्येस असलेल्या दोराहा या गावी, त्याच्याकडून करार लिहून घेतला, हे आपण सर्वांनीच शाळेत वाचलेले असते. माळव्याचा सुभा पेशव्यास द्यावा, नर्मदा आणि चंबळ यांमधल्या मुलखावरचा त्याचा अधिकार मान्य करावा, त्यावर बादशाही मोहोर आणवून द्यावी आणि पन्नास लक्ष रुपये खंडणी मिळवून देण्याची खटपट करावी, अशी त्यातली कलमे होती. शाळेच्या पुस्तकात बहुधा न येणारी गोष्ट पुढची आहे. बादशाही फर्मान हाती पडले ते 1741 साली. तोवर बाजीराव रावेरखेडीस नर्मदेच्या काठी देह ठेवून गेला होता, त्यामुळे फर्मान आले ते त्याच्या पुत्राच्या, नानासाहेबाच्या, हाती. आणि त्या फर्मानातही सुभेदारी बादशहाच्या शहजाद्याच्या नावे लिहिलेली असून पेशव्याकडे केवळ नायबगिरी होती. ठाणी मराठ्यांची, कमाविसदार मराठ्यांचे, वसूल मराठ्यांचा. दफ्तरात मात्र नाव अशा एका राजपुत्राचे, की ज्याचा माळव्याशी संबंध शाईपुरताच होता.

सनद एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार महसुलाच्या व्यवहारात नवा नाही; परंतु गाण्यांच्या नावांतही नेमका हाच न्याय चालतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती भोपाळच्या इक्बाल मैदानावर. जुन्या शहरात शौकत महालाच्या समोर आणि शीश महालाच्या सावलीत हे मैदान पसरलेले आहे; पूर्वी त्याला खिरनीवाला मैदान म्हणत असत, आणि पुढे महंमद इक्बाल यांच्या स्मरणार्थ त्याचे नामांतर होऊन तेथे एका स्तंभावर त्यांच्या काव्यातला आवडता पक्षी, शाहीन, पंख उभारून बसविण्यात आला. ज्या कवीच्या नावाचे हे मैदान, त्याचे सर्वांत प्रसिद्ध गीत कोणते, असे तेथे पतंग उडविणाऱ्या कोणाही पोराला विचारावे. तो क्षणाचाही विलंब न लावता ‘सारे जहाँ से अच्छा’ असे उत्तर देईल. पण ‘तराना-ए-हिन्दी’ हे गीत तुला येते काय, असे विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील. दोन्ही नावे एकाच गीताची. 1904 साली लिहिलेल्या या गीताला इक्बाल यांनी आपल्या ‘बाँग-ए-दरा’ या 1924 च्या संग्रहात दिलेले नाव ‘तराना-ए-हिन्दी’ असे आहे. हे झाले सनदेवरचे नाव. वहिवाटीतले नाव पहिल्या ओळीच्या पहिल्या चार शब्दांचे, आणि ते देणारा कोण हे सांगता येणे अशक्य, कारण ते साऱ्यांनी मिळून दिलेले आहे.

हे असे का व्हावे, याचे उत्तर शोधू जाता प्रथम एका गोष्टीची कबुली द्यावी लागते, की आपल्याकडे गाण्याला वेगळे शीर्षक असावे ही कल्पनाच मुळी उशिरा आलेली आहे. तुकोबांच्या गाथेची सरकारी प्रत उघडून पाहावी. साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे, आणि अखेरीस अकारविल्ह्याने लावलेली आरंभीच्या चरणांची सूची आहे. अभंगाला नाव असे नाहीच. त्यातही गंमत अशी, की छापलेल्या अभंगात ‘ध्रु.’ ही खूण बहुधा दुसऱ्या कडव्यापुढे असते, आणि कीर्तनात टाळकरी ज्या शब्दांवर पुनःपुन्हा परत येतात ते शब्द त्या खुणेच्या अलीकडचे. म्हणजे सूचीत शोधावयाचे एका ओळीने आणि मनात राहावयाचे दुसऱ्याच ओळीने, ही विसंगती छापखान्याच्या कितीतरी आधीची आहे. कवीचे नाव मात्र अभंगात शेवटी नाममुद्रेच्या रूपाने असतेच. उर्दू गझलेतही तेच. शेवटच्या शेरात, ज्याला मक्ता म्हणतात, कवी आपले तखल्लुस, म्हणजे टोपणनाव, गुंफतो. भोपाळच्या गादीवर 1868 पासून 1901 पर्यंत राज्य केलेल्या नवाब शाहजहाँ बेगम स्वतः काव्य करीत. ‘शीरीं’ आणि ‘ताजवर’ ही त्यांची तखल्लुसे. राज्याच्या कागदावर बेगमसाहेबांचा शिक्का आणि गझलेच्या शेवटी ‘शीरीं’. दोन्ही ठिकाणी मोहोर शेवटी, आणि वर मथळ्याची जागा कोरी.

या कोऱ्या जागेचा सर्वांत थोर पुरावा भोपाळातच सापडला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. हिजरी 1237 मध्ये, म्हणजे 1821 साली, वयाची चोविशीही न उलटलेल्या गालिबच्या दीवानाची एक सुबक हस्तलिखित प्रत तयार झाली, आणि ती पुढे भोपाळच्या राजघराण्यातील मियाँ फौजदार मुहम्मद खान यांच्या संग्रहात आली. जवळजवळ शंभर वर्षांनी ती भोपाळच्या हमीदिया ग्रंथालयात अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. 1841 साली गालिबने आपला दीवान दिल्लीत छापला तेव्हा तारुण्यातल्या कितीतरी दुर्बोध आणि फारसीने लदलेल्या रचना त्याने निष्ठुरपणे काढून टाकल्या होत्या. त्या टाकून दिलेल्या रचना या प्रतीत जशाच्या तशा नांदत होत्या. तिचे विवेचन लिहावयास बसलेले अब्दुर्रहमान बिजनौरी 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले, आणि अखेर 1921 साली मुफ्ती अन्वारुल हक यांनी ती प्रकाशित केली. पुस्तकाचे नाव ‘नुस्खा-ए-हमीदिया’. काव्य गालिबचे आणि नाव भोपाळच्या राजपुत्राचे, हमीदुल्ला खान यांचे! सनदेचा आणि वहिवाटीचा खेळ येथेही टळला नाही. मूळ हस्तलिखित पुढे भोपाळातून नाहीसे झाले आणि कित्येक दशके त्याचा ठावठिकाणा कोणास लागला नाही, हे त्याहून वाईट.

त्या दीवानात, किंवा कोणत्याही जुन्या दीवानात, गझलांना शीर्षके नसतात. आणि त्या लावलेल्या असतात त्या रदीफेच्या, म्हणजे ओळीच्या अखेरीस पुनःपुन्हा येणाऱ्या शब्दाच्या, शेवटच्या अक्षराप्रमाणे, अलिफपासून ये-पर्यंत. ऐकणारा मात्र गझल ओळखतो ती तिच्या मतल्यावरून, म्हणजे पहिल्या शेरावरून. आणि हृदयात जो जाऊन बसतो तो शेर बहुतेक वेळा मधलाच कुठला तरी असतो. त्याला उर्दू रसिकांनी ‘बैतुल-गझल’ असे फार सुंदर नाव दिले आहे. म्हणजे पुस्तकाने गझल लावावी शेवटावरून, लोकांनी हाक मारावी आरंभावरून आणि स्मरणात ठेवावे मधले काहीतरी, अशी ही तिपेडी व्यवस्था. आणि तरीही कोणाची कधी गैरसोय झाली नाही, याचे कारण गझलेचा प्रत्येक शेर आपल्यापुरता स्वतंत्र असतो आणि अशा स्वतंत्र माणसांच्या मेळ्याला एकच नाव देणे हे मुळातच जुलमाचे काम आहे.

मुशायऱ्याच्या रिवाजातही शीर्षकाला थारा नव्हता. तरही मुशायऱ्यासाठी एक ओळ आधी जाहीर करीत, तिला ‘मिसरा-ए-तरह’ म्हणत, आणि त्या ओळीचे वृत्त, तिचा काफिया, म्हणजे यमक, व तिची रदीफ सांभाळून प्रत्येक कवीने आपली गझल रचून आणावयाची असे. वृत्त, काफिया आणि रदीफ या तिघांनी मिळून जो साचा होतो त्याला उर्दूत काय म्हणतात? ‘जमीन’! अमक्याची गझल अमक्याच्या जमिनीत आहे, असे उस्ताद लोक सहज बोलून जातात. आपल्या कुळकायद्याच्या देशात या शब्दाचे वजन वेगळे सांगावयास नको. एकाच जमिनीत दहा जणांनी नांगर घालावा, पीक ज्याचे त्याचे, आणि जमीन मात्र कोणाच्याच नावे नाही.

ही जमीन सर्व्हे करून तिला फलक लावण्याचा उद्योग सुरू झाला तो 1874 साली लाहोरास. पंजाबचे शिक्षणाधिकारी कर्नल होलरॉइड आणि मुहम्मद हुसेन आझाद यांनी अंजुमन-ए-पंजाबतर्फे जे नवे मुशायरे भरविले, त्यांत ओळ न देता विषय देण्याचे ठरले: वर्षाऋतू, आशा, स्वदेशप्रीती, अशांसारखे. मौलाना हाली यांनी ‘बरखा रुत’ लिहिली ती या मुशायऱ्यांसाठीच. विलायती क्रमिक पुस्तकांतील कवितेप्रमाणे आता उर्दू कवितेलाही वर एक मथळा आला, मथळ्याखाली एकच विषय आला, आणि गझलेऐवजी ‘नज्म’ प्रतिष्ठित झाली. मराठीतही थोड्याफार फरकाने हेच घडले. केशवसुतांच्या पिढीने इंग्रजी भावगीतांबरोबर शीर्षकाची पद्धत घेतली, आणि ‘तुतारी’ हे 1893 सालचे नाव कवितेत शोभून गेले ते अशासाठी की तो शब्द पहिल्याच ओळीत वाजतो. सनद आणि वहिवाट एकाच हाती असण्याचे हे एक भाग्यवान उदाहरण होय. अशी उदाहरणे फार नाहीत.

इक्बाल या लाहोरी परंपरेचे वारस. 1904 साली ते लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात अध्यापक होते, ‘तराना-ए-हिन्दी’ची घडण गझलेची आहे आणि ‘हमारा’ ही तिची रदीफ. म्हणजे अंग गझलेचे आणि डोक्यावर नज्मेचा मथळा. सहा वर्षांनी, 1910 मध्ये, इक्बाल यांनी दुसरा तराना लिहिला. त्यात देशाच्या जागी मिल्लत, म्हणजे साऱ्या जगातला मुसलमान समाज, आली, नाव ‘तराना-ए-मिल्ली’. हा दुसरा तराना पहिल्याच्याच जमिनीत आहे: वृत्त तेच, काफिया तोच, रदीफ तीच. एका कवीच्या मनात सहा वर्षांत झालेली केवढी मोठी उलथापालथ त्या दोन मथळ्यांना शेजारी शेजारी ठेवताच दिसते! परंतु मथळा आपण विसरलो, पहिली ओळ तेवढी ठेवली, आणि त्याबरोबर दुसऱ्या तराण्याचे स्मरणही आपल्याकडून गळून गेले. वहिवाटीचे नाव गोड असते, लोकांचे असते, हे सारे खरे. पण इतिहासकाराला वाद लागला म्हणजे अखेर सनदच काढून पाहावी लागते, हे येथे मान्य केले पाहिजे. जुन्या कागदांच्या वाटेला गेलेल्या मनुष्याचा हा पक्षपात समजावा हवे तर.

गीताची चाल हा वहिवाटीचा दुसरा खांब. आज सर्वत्र ऐकू येणारी चाल रविशंकर यांनी 1945 साली मुंबईत, इप्टाच्या कलावंतांबरोबर असताना, बांधली. पूर्वीची संथ चाल त्यांना रेंगाळणारी वाटत होती. चालीने शब्दांना पाय दिले. 1984 साली अंतराळातून भारत कसा दिसतो, असे पंतप्रधान इंदिरा गांधींनी विचारले तेव्हा राकेश शर्मा यांनी उत्तरादाखल हेच चार शब्द उच्चारले. ‘तराना-ए-हिन्दी’ असे उत्तर कोणी देऊ शकले असते, अशी कल्पनाही करवत नाही.

राष्ट्रगीताची हकीकत याच घरातली. रवीन्द्रनाथांचे ते गीत 1911 च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात गायिले गेले, आणि पुढल्या वर्षी ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त छापले गेले तेव्हा त्याचे शीर्षक ‘भारत-भाग्य-विधाता’ असे होते. 24 जानेवारी 1950 रोजी घटनासमितीत राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रगीताविषयीचे निवेदन केले, त्यात नाव आहे ते ‘जन गण मन’. प्रत्यक्ष सरकारनेच वहिवाट मान्य करून सनद तिच्या नावे करून द्यावी, असे प्रसंग विरळा.

आता आपल्या घरी येऊ. मराठीतील ज्या कवीच्या गीतांनी गेली सत्तर-पाऊणशे वर्षे महाराष्ट्राचे कान तृप्त केले, ते भास्कर रामचंद्र तांबे महाराष्ट्रात जन्मले नव्हते. बीना-गुना लोहमार्गावरचे मुंगावली हे त्यांचे जन्मगाव, त्यांचे आयुष्य गेले ते देवास, इंदूर, ग्वाल्हेर अशा मध्य भारतातल्या संस्थानांत, आणि 1941 साली ते निवर्तले ते ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून. भोपाळच्या मराठी माणसाने त्यांना आपले म्हणावे हे क्रमप्राप्तच आहे. माधव ज्यूलियन यांनी 1935 साली त्यांची समग्र कविता संपादून काढली, तिच्यात एका कवितेला नाव आहे ‘रिकामे मधुघट’. या नावाची कविता ठाऊक आहे काय, असे दहा मराठी घरांत विचारले तर आठ घरांतून नकार येईल. आणि वसंत प्रभूंच्या चालीवर लता मंगेशकरांनी म्हटलेल्या त्या गीताचा पहिला स्वर लावताच त्याच आठ घरांतली माणसे पुढच्या ओळी म्हणू लागतील. तरी तांब्यांनी दिलेले नाव अधिक अर्थपूर्ण आहे, असे माझे मत आहे. गाणे कानी पडते तेव्हा पहिल्या ओळीतली मागणी तेवढी मनात घुमते, प्रीतीचे आर्जव ऐकू येते. शीर्षकाकडे पाहिले म्हणजे कळते की बोलणारा आयुष्याच्या उतरणीवर उभा आहे आणि देण्याजोगे त्याच्यापाशी काही उरलेले नाही. गाणाऱ्यांनी शीर्षक गाळले आणि वार्धक्याची कविता शृंगाराची झाली! सावरकरांच्या 1909 सालच्या, ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्फुरलेल्या कवितेचेही असेच. तिचे ‘सागरास’ हे नाव परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेपुरते उरले आहे आणि सभेत फर्माईश होते ती तिच्या पालुपदाची. मात्र तेथे अर्थाची हानी नाही. पालुपदात सागर आहेच, आणि प्राणांची व्याकुळता शीर्षकात नव्हती ती पालुपदात आहे.

भोपाळात राहणाऱ्या मराठी माणसाला आणखी एका नावाचा घोळ रोज सहन करावा लागतो. महाराष्ट्रातून आलेला पाहुणा हमखास विचारतो, की आपली भूपाळी आणि तुमचे भोपाळ यांचा काही संबंध? शहराच्या नावाचा उगम भोजराजाकडे नेण्याची येथली परंपरा आहे, भूप रागाकडे नेण्याची नाही. पण त्या प्रश्नाच्या निमित्ताने भूपाळी या शब्दाकडे पाहिले तर तेथेही सनदेचा घोटाळा आहे. भूपाळी ही पहाटेची, देवाला जागे करण्याची. भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. त्याच पाच स्वरांचा देशकार मात्र सकाळचा. नाव रात्रीचे आणि वेळ पहाटेची, अशी ही मराठी अंगणातली विसंगती आपण पिढ्यान्‌पिढ्या झोपेतून उठता उठता ऐकत आलो, आणि कोणी हरकत घेतली नाही. 1951 साली शांतारामबापूंनी होनाजी बाळाच्या जीवनावर चित्रपट काढला, त्याला ‘अमर भूपाळी’ हे नाव दिले आणि वसंत देसाईंनी होनाजीच्या भूपाळीला जी चाल लावली तिच्यामुळे चित्रपटाचे नाव हेच गाण्याचे नाव होऊन बसले. ती भूपाळी लाव, असे म्हटले की घरोघर तीच लागे. येथे जातीचे नाव व्यक्तीला मिळाले.

1956 च्या नोव्हेंबरात भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या सचिवालयातले कारकून, हिशेबनीस, अभियंते आपल्या बायकामुलांसह, पितळी भांड्यांच्या पेट्या आणि गाण्यांच्या वह्या घेऊन येथे उतरले. त्यांच्यासाठी, आणि ग्वाल्हेर-इंदूरहून आलेल्यांसाठीही, सरकारने चाळी आणि बंगले बांधले. त्या वसाहतींना आज काय म्हणतात ते पाहावे: बारह सौ पचास, ग्यारह सौ क्वार्टर, पैंतालीस बंगले, चौहत्तर बंगले. बसच्या थांब्यांचे आकडे ती मोहल्ल्यांची नावे झाली. भाजी दस नंबरला स्वस्त मिळते, असे येथे सहज बोलले जाते. तात्या टोपे यांच्या नावे जे नगर वसविले त्याचे टीटी नगर झाले. बांधकाम खात्याच्या फायलीत जी केवळ मोजदाद होती ती शहराची भाषा झाली, आणि फलकांवरची थोर पुरुषांची नावे पत्त्याच्या पाकिटापुरती राहिली. गाण्याची ओळ उचलणारा आणि वसाहतीचा आकडा उचलणारा माणूस एकच, आणि त्याचा कायदाही एकच: जे जिभेवर लवकर बसेल ते नाव.

छापील मथळ्याने उर्दू-मराठी कवितेत जी जागा मिळविली होती ती ध्वनिमुद्रिकेने अर्ध्या शतकात हिरावून घेतली. 1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या गेस्बर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारीत असे. मक्त्यातल्या तखल्लुसाचे आणि ‘तुका म्हणे’चे हे यांत्रिक रूपच म्हणावयाचे. तबकडीच्या लेबलवर गीताचे पहिले दोन-चार शब्द, खाली रागाचे किंवा चित्रपटाचे नाव. पुढे रेडिओ सिलोनवर 1952 पासून गीतमाला सुरू झाली, विविध भारती आली, फर्माइशीची पत्रे पोत्यांनी येऊ लागली. आणि श्रोत्याने पत्रात लिहावयाचे ते पहिले शब्द, चित्रपट आणि गायक. नज्मेचा मथळा गेला, मतल्याचे राज्य परत आले. मुखडा म्हणजे तरी काय, मतल्याचाच धाकटा भाऊ.

या नव्या बाजारात भोपाळची माणसे चांगलीच रुजली. जाँनिसार अख्तर हमीदिया कॉलेजातली अध्यापकी सोडून 1949 च्या सुमारास मुंबईस गेले. असद भोपाली यांनी 1963 च्या ‘पारसमणि’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल या नवख्या जोडीसाठी गीते लिहिली आणि पंचवीसेक वर्षांनी, आयुष्याच्या अगदी अखेरीस, ‘मैंने प्यार किया’च्या गीतांनी त्यांना फिल्मफेअरचा सन्मान मिळवून दिला, 1990 साली ते वारले. कैफ भोपाली यांनी ‘पाकीजा’साठी नौकेतले जे गीत लिहिले त्याचे तबकडीवरचे नाव ‘चलो दिलदार चलो’ असे आहे, आणि पानाच्या दुकानावर त्याची ओळख मात्र चंद्रापलीकडे घेऊन जाणारे गाणे अशी पटते, कारण ‘चलो’ म्हणणारी गाणी पुष्कळ आणि चंद्राच्या पार नेणारे एकच. म्हणजे मुखड्याच्या आतही पुन्हा सनद आणि वहिवाट वेगळी झाली. यात कैफसाहेबांना काही गैर वाटले असते असे मला वाटत नाही. मुशायऱ्याच्या माणसाला आपल्या गझलेतला कोणता शेर लोक उचलतील हे आधी कळत नाही, याची सवय असते.

विलायतेत गोष्ट निराळी. तेथे गाण्याला नाव देणे हे प्रकाशकाच्या नोंदवहीचे काम. म्हणून नाव शब्दांशी जुळत नसेल तर ऐकणाऱ्याची पंचाईत होते आणि दुकानात जाऊन भलतेच काहीतरी मागावे लागते. याचा एक नमुना आपल्या अहमदनगरापर्यंत येऊन पोहोचतो. ‘द हू’ या इंग्रजी वाद्यवृंदाचे 1971 सालचे ‘बाबा ओ’रायली’ हे गीत. त्यात ना बाबा आहे ना ओ’रायली, आणि लोक ते ओळखतात तरुणांच्या उजाड माळाविषयीच्या त्यातल्या गजरावरून. त्यातले बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळच्या अरणगावी मेहेराबादेत समाधिस्थ झालेले मेहेरबाबा, गीतकार पीट टाउनशेंड यांचे गुरू. आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, जे स्वतः किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य. गुरूंचे आणि प्रेरणा देणाऱ्याचे ऋण फेडण्यासाठी कवीने मथळा वापरला. गाण्याचा अर्थ सांगण्यासाठी नव्हे. आपल्या पोथ्यांच्या आरंभीच्या ‘श्रीगणेशाय नमः’शी त्याचे नाते जवळचे. लक्षावधी लोक ते गीत म्हणतात आणि मेहेरबाबांचे नाव घेतल्याचे त्यांना ठाऊकही नसते.

इक्बाल मैदानापाशी परत यावयाचे कारण एक शेवटची गोष्ट सांगावयाची राहिली आहे. 1934 च्या आरंभी इक्बाल यांचा घसा धरला आणि आवाज गेला. एके काळी लाहोरच्या सभांतून तरन्नुमात काव्य म्हणून हजारोंना डोलविणारा हा कवी कुजबुजण्यापलीकडे बोलू शकेना. भोपाळात विजेच्या उपचारांची सोय होती, आणि सर सय्यद अहमद खान यांचे नातू रॉस मसूद तेव्हा भोपाळ दरबारात शिक्षणमंत्री होते. त्यांच्या आग्रहाने 1935 आणि 1936 मध्ये इक्बाल तीनदा येथे येऊन राहिले, प्रथम मसूद यांच्या रियाज मंजिल या घरी आणि नंतर शीश महालात. नवाब हमीदुल्ला खान यांनी त्यांना दरमहा पाचशे रुपयांची नेमणूक करून दिली. तोच हमीदुल्ला, ज्याच्या नावे गालिबची पोथी छापली गेली होती. 1936 साली निघालेला ‘जर्ब-ए-कलीम’ हा संग्रह इक्बाल यांनी नवाबांस अर्पण केला. त्यातल्या बहुतेक चिमुकल्या चिमुकल्या कवितांनाही मथळा आहे, कारण लाहोरची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. आवाज पुरता परत आला नाही. 1938 च्या एप्रिलात लाहोरास त्यांचे देहावसान झाले.

त्या संग्रहातल्या काही कवितांच्या मथळ्यांपाशी खूण करून पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप दिलेली आहे. कुठे लिहिले आहे, की ही कविता भोपाळास रियाज मंजिलमध्ये लिहिली. कुठे लिहिले आहे, की शीश महालात. मैदानाच्या कडेला शीश महालाची उंच भिंत अजून उभी आहे, आणि तिच्या पायाशी पोरे संध्याकाळी उशिरापर्यंत पतंगाचा मांजा गुंडाळीत बसलेली असतात.